सी डिशमध्ये काही घडू नये म्हणून

मंगळवार, ४ मार्च २००८

सकाळी साडेसहाला लॉरेनच्या यूटमधून, मागे उघडा हौदा असलेल्या तिच्या गाडीतून, कत्तलखाना. तिथल्या केव्हने आज गाईंचे बावीस बीजकोश दिले, कोमट सलाइनच्या थर्मासमध्ये, झाकण स्वतः घट्ट करून. हा माणूस पहाटे चारपासून सुऱ्या चालवतो आणि दर मंगळवारी आठवणीने माझा थर्मास आधी गरम पाण्याने उबवून ठेवतो. त्याला काय पडलंय? काहीच नाही. तरी ठेवतो. भलं होवो त्याचं.

लॅबमध्ये थर्मास उघडण्याआधी मी त्याला हात लावून कपाळाला लावते. पहिल्यांदा लॉरेनने विचारलं, हे काय? म्हटलं, ज्या गाईंचं आहे त्यांना थँक यू. आता मी घाईत विसरले तर तीच झाकणावर हात ठेवून थांबते. तीस वर्षं लॅब टेक्निशियन आहे, डिसेंबरात रिटायर होणार. माझं काम तिच्या जिवावर चाललंय हे ग्रेगलाही माहीत आहे. ग्रेग म्हणजे माझे गाइड. नुसतं ग्रेग म्हणायला अजून जीभ वळत नाही, म्हणून मी त्यांना काहीच न म्हणता बोलते.

आईला अजून वाटतं, हे सगळं डेअरीतून येतं. अण्णांना खरं सांगितलंय. पस्तीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात काढलेल्या माणसापासून काय लपवायचं.

रिव्ह्यू ३० मे. तोवर दाखवायला काही नसेल तर पीएचडी विसरा, मास्टर्सवर गुंडाळा आणि फलटण गाठा.

बुधवार, ५ मार्च

दिवसभर सुई. कालच्या बीजकोशांतून काढलेल्या एकेका अंड्यात एकेक शुक्रजंतू. मान आखडली.

घरी आल्यावर घरमालकीण फिलू आंटीने पुन्हा विचारलं, तू अंड्यांचं नक्की करतेस काय गं? आमच्या या क्वेकर्स हिल उपनगरातल्या निम्म्या मराठी लोकांना मी कोंबड्यांवर काम करते असं वाटतं. मागच्या महिन्यात तर आंटीने केकसाठी उरलेली अंडी मागितली होती. आज कणीक मळता मळता नीट समजावलं. गाईचं अंडं तयार झालं तरी झोपलेलं असतं. शुक्रजंतू आत शिरतो आणि त्याला हलवून उठवतो, मग एकाचे दोन भाग, दोनाचे चार, चाराचे आठ. पण आपण सुईने आत सोडला की बैलाचा शुक्रजंतू नुसता पडून राहतो. माणसाच्या अंड्यात असं केलं तर बहुतेक वेळा जमतं, गाईच्यात जमत नाही. म्हणून अंड्याला औषध देऊन उठवायचं, आणि माझा सगळा प्रश्न तेवढाच. औषध कमी पडलं तर ते उठत नाही, जास्त झालं तर मरतं.

आंटी म्हणाली, "म्हणजे आमच्या झेवियरसारखंच की. घरात आणून सोडला, तरी काम काय सुरू होत नाय."

झेवियर अंकल टीव्हीसमोरून नुसते खाकरले. वसईची ही दोन माणसं नसती तर मी पहिल्याच महिन्यात परत गेले असते.

शुक्रवार, ७ मार्च

काही नाही. ए डिशमध्ये शुक्रजंतूही आहे आणि औषधही. बहुतेक काळी पडली, मेली. बी डिशमध्ये नुसता शुक्रजंतू, औषध नाही. ढिम्म. सी डिशमध्ये नुसती सुई टोचलेली, ना शुक्रजंतू ना औषध. तीही ढिम्म, आणि तिने तसंच असायला हवं. सी म्हणजे आपण स्वतःला फसवत तर नाही ना, हे बघायची डिश.

चहाच्या खोलीत पुन्हा तेच. इथली माणसं कप साबणाच्या पाण्यात बुडवतात आणि फेसासकट रॅकवर उपडा घालतात. विसळणं नावाची क्रिया या खंडात अजून पोचलेली नाही. लॉरेनही तसलीच. मी तिचा कप उचलला, नळाखाली तीनदा विसळला, मग चहा ओतला. ती म्हणाली, मॅड्स, दुष्काळ आहे, पाणी वाचव. माधुरीचं मॅड्स तिने दुसऱ्याच दिवशी केलं होतं. म्हटलं, पाणी मी आंघोळीत वाचवते, चहात नाही.

बुधवार, १९ मार्च

ईस्टरच्या आधीचा आठवडा, केव्हकडे काम कमी. अंडी इतकी थोडी की जीव वर-खाली. सी वगळली. ज्या डिशमध्ये काही घडूच नये तिच्यात चांगली अंडी घालायची म्हणजे अन्न उकिरड्यावर टाकल्यासारखं वाटतं. लॉरेन सुट्टीवर आहे, नाहीतर कटकट केली असती.

औषधानंतर एची अंडी धुवायची असतात, आणि तुलना सारखी राहावी म्हणून बाकीचीही. ते द्रवही जपून वापरलं. लॉरेन ते रविवारी येऊन बनवते बिचारी, सुट्टीआधीही बनवून ठेवून गेली. तिने प्रत्येक डिशसाठी ताज्या थेंबांची वेगळी ओळ घालायला सांगितलं आहे. आजपासून मी एकच ओळ घालते, पाच थेंबांची, आणि त्याच पाच थेंबांतून सगळी काढते. आधी ए, कारण तिला घाई असते, मग बाकीच्या. अण्णांची मुलगी शोभते. दवाखान्यात एका बादलीत अण्णा सकाळभर हात धुवायचे, थेंब वाया जायचा नाही.

शुक्रवार, ४ एप्रिल

बीमधली पाच अंडी दुभंगली.

पुन्हा लिहिते. बी. औषध नाही. नुसता शुक्रजंतू. पाच.

मी आधी डिश बदलली असं समजून झाकणावरची अक्षरं तीनदा वाचली. मग ग्रेगना बोलावलं. ते सूक्ष्मदर्शकातून इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं झोपले. मग म्हणाले, सुई टोचायची तुझी पद्धतच काहीतरी वेगळी आहे, हात फार हलका आहे. औषधाशिवाय गाईचं अंडं उठत असेल तर माधुरी, हे मोठं आहे.

ट्रेनमध्ये ब्लॅकटाउनपर्यंत उभी होते, पाय दुखले नाहीत. डबाभर आपलीच पोरंपोरी, अकाउंटिंगची, केशकलेची, कुकरीची. हरप्रीत भेटली, माझी रूममेट, कुकरी कॉलेजच्या सुऱ्यांची पेटी मांडीवर घेऊन. तिला सांगितलं. म्हणाली, "यार, मैं दिन भर अंडे फोड़ती हूँ और तू जोड़ती है." दोघी स्टेशनपासून घरापर्यंत हसत चालत आलो.

शुक्रवार, ११ एप्रिल

पुन्हा बी. या वेळी सहा. ग्रेगनी कॉन्फरन्ससाठी सारांश पाठवूनसुद्धा दिला. माझं नाव पहिलं.

फिलू आंटीने अंड्यांसाठी मेणबत्ती लावली होती म्हणे, दर रविवारी एक, गेला महिनाभर. मला आज सांगतेय. मी तिला मिठी मारली आणि मला रडू आलं. ती म्हणाली, पिठाचे हात आहेत, लांब हो.

रविवार, १३ एप्रिल

घरी फोन. अण्णांना हलक्या हाताचं सांगितलं. म्हणाले, हलका हात माझ्या आईचा, अडलेली गाय ती मोकळी करायची. आई मागून विचारत होती, म्हणजे आता तिथंच नोकरी का. या दोघांनी मला पाठवलं म्हणून मी इथे आहे, हे मी फोनवर कधी म्हणत नाही. इथे लिहून ठेवते.

बुधवार, १६ एप्रिल

लॉरेन परत आलीय. माझी वही चाळली आणि विचारलं, सी कुठे आहे? म्हटलं, अंडी कमी होती. म्हणाली, तीन वेळा कमी होती? आवाज चढवला नाही. आज सी ठेवली.

शुक्रवार, १८ एप्रिल

सीमध्ये चार दुभंगली.

शुक्रजंतू नाही, औषध नाही. चार.

लॉरेनने दारातून विचारलं, सी कशी आहे? मी म्हटलं, अजून बघितली नाही. धडधडीत खोटं. सहा महिन्यांत या बाईशी पहिल्यांदा खोटं बोलले.

म्हणजे बीमधलंही माझ्या हाताचं नाही, शुक्रजंतूचं नाही. काहीतरी तिसरंच त्यांना उठवतंय. आणि ग्रेगनी सारांश पाठवलाय. आणि रिव्ह्यूला सहा आठवडे.

शनिवार, १९ एप्रिल

दिवसभर कपडे धुतले, खोली झाडली, खोलीतली हरप्रीतची बाजूही झाडली. सी डिश टाकून द्यायची आणि वहीत लिहायचं, बुरशी धरली. कोण विचारणार? हा विचार मी केला. फक्त आला असं नाही, बसून केला, कोणती शाई वापरायची इथपर्यंत केला. लाज वाटते, म्हणून लिहून ठेवते.

मंगळवार, २२ एप्रिल

यूटमध्ये लॉरेनला सांगून टाकलं. सीमध्ये चार होती, मी शुक्रवारीच पाहिलं होतं. केव्हच्या फाटकापाशी ती म्हणाली, उद्या मी तुझ्या शेजारी बसते, तू रोजच्यासारखं कर. बस्स. मी इतके शब्द जुळवून ठेवले होते, एकही लागला नाही.

बुधवार, २३ एप्रिल

लॉरेन स्टूल घेऊन शेजारी बसली. सुई झाली, काही बोलली नाही. एला औषध दिलं, काही बोलली नाही. मग मी थेंबांची ओळ घातली, ए धुतली आणि त्याच ओळीत बीची अंडी उचलून आणायला लागले, तेव्हा तिने माझं मनगट धरलं.

"मॅड्स, माझा कप तू तीनदा विसळतेस. आणि ही अंडी दुसऱ्याच्या औषधाच्या पाण्यात धुतेस?"

मी थेंबांकडे बघत बसले. पाच थेंब. एची अंडी औषध अंगावर घेऊन त्यातून गेलेली. मग बी. मग सी. मीच माझ्या हाताने त्यांना औषध पाजत होते. एखाद्याने बघून सांगितलं असतं तर त्याला मीच वेड्यात काढलं असतं, माझ्याइतकं स्वच्छतेचं या लॅबमध्ये कोण बोलतं?

लॉरेनने नवं द्रव काढलं. तीन डिशना तीन ओळी, तीन नळ्या. सी सगळ्यात आधी. मी म्हटलं, रविवारचं तुझं सगळं द्रव संपेल. ती म्हणाली, संपू दे, ते त्यासाठीच बनवते.

शुक्रवार, २५ एप्रिल

अँझॅक डे, इथला सैनिकांचा स्मृतिदिन, युनिव्हर्सिटी बंद. अंड्यांना सुट्टी कळत नाही. लॉरेन पहाटेची मानवंदना आटोपून, कोटावर तिच्या आजोबांची पदकं लावलेली, तशीच आली. ओट्सच्या बिस्किटांचा डबा घेऊन.

सी: काही नाही. बी: काही नाही. एकही नाही.

झालं, पक्कं झालं. लॉरेन माझ्याकडे बघत होती, मी रडेन म्हणून बहुतेक. मी बिस्किट खाल्लं. चांगलं झालं होतं.

रविवार, २७ एप्रिल

अण्णांना सगळं सांगितलं. म्हटलं, तुमच्यासारखीच एका बादलीत काम करायला गेले. अण्णा म्हणाले, बादली एकच होती, पण मी हात कसे धुवायचो ते आठव. आधी निरोगी जनावर, आजारी शेवटी. तू अर्धंच शिकलीस.

मग मी विचारलं, आता काय करू. ग्रेगना अजून माहीत नाही. अण्णांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. म्हणाले, "गाभण नसलेली गाय गाभण सांगितली की मालक नऊ महिने खुराक घालत बसतो. उद्या सकाळीच सांग, माधू."

फिलू आंटीलाही सांगितलं. म्हटलं, तुझ्या मेणबत्त्या वाया गेल्या. ती म्हणाली, चूक सापडली ना? मग लागल्या की कामाला.

सोमवार, २८ एप्रिल

नऊ वाजता सांगितलं. ग्रेगनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सी किती वेळा ठेवली होती, विचारलं. सांगितलं. मग माझ्यासमोरच कॉम्प्युटर वळवून कॉन्फरन्सवाल्यांना दोन ओळी लिहिल्या, सारांश मागे घेतो. पाठव दाबलं. म्हणाले, थँक यू. आणि मग, मला थोडा वेळ एकट्याला बसायचंय.

दार हळूच ओढून घेतलं. जिन्यात बसले. आपल्यावर रागावलेल्या माणसाने आपल्याला थँक यू म्हणावं, याचं काय करायचं ते कळत नव्हतं.

शुक्रवार, २ मे

ग्रेग चार दिवस माझ्याशी कामापुरतंच. बरोबर आहे. मीसुद्धा माझ्याशी कामापुरतंच बोलतेय.

ए मध्ये मात्र फरक आहे. थोडी थोडी करून दर वेळी ताज्या थेंबांत धुते, तेव्हापासून काळी पडत नाहीत. लॉरेन म्हणते, एलाही तू तिच्याच औषधात भिजवत होतीस, सुटकाच नव्हती तिची. गेल्या आठवड्यातली दोन दुभंगली होती. रविवारपर्यंत आठ भागांवर येऊन थांबली.

मंगळवार, १३ मे

केव्हला कोणीतरी सांगितलं की गडबड झाली. थर्मास देताना म्हणाला, आज जरा जास्त दिलेत, लव्ह. एकतीस. त्याने ते वेगळे काढायला किती वेळ घालवला असेल कोण जाणे. मी थर्मास दोन्ही हातांनी घेतला आणि थँक यू दोनदा म्हटलं. त्याने हात हलवला, नो वरीज.

शुक्रवार, २३ मे

गेल्या आठवड्यातलीही आठ भागांवर थांबली. एक आठवडा उरला. रिव्ह्यूच्या स्लाइड केल्या. पहिल्याच स्लाइडवर काय चुकलं ते घातलंय. हरप्रीत म्हणाली, पागल है क्या, आखिर में डाल. नाही घातलं शेवटी. पहिलंच ठेवलं.

शुक्रवार, ३० मे

रिव्ह्यू झाला.

तीन परीक्षक. त्यातली मधली बाई पहिल्या स्लाइडवरच वीस मिनिटं थांबली. माझ्या मागच्या सगळ्या तारखांचं काय, विचारलं. म्हटलं, १९ मार्चपासून २२ एप्रिलपर्यंतचं काहीच धरू नका. ती म्हणाली, म्हणजे तुमच्याकडे जवळजवळ काहीच नाही. म्हटलं, हो.

मग ग्रेग म्हणाले, ही चूक तिने स्वतः शोधून स्वतः येऊन सांगितली. मी मध्येच बोलले, पहिल्यांदाच त्यांचं वाक्य तोडलं. सांगायला मी गेले, पण शोधली लॉरेनने. लॉरेन मागे भिंतीला टेकून उभी होती, टेक्निशियनला खुर्ची ठेवलेली नव्हती. ती बुटांकडे बघायला लागली.

बाहेर अर्धा तास बसवलं. निकाल: ऑगस्टअखेरपर्यंत मुदत. तोवर एमधलं एक तरी अंडं वाढत वाढत सातव्या दिवसापर्यंत पोचलं पाहिजे, आणि बी-सी कोऱ्या राहिल्या पाहिजेत. नाहीतर मास्टर्स.

ग्रेग जिन्यात भेटले. म्हणाले, मी त्या सारांशाची घाई करायला नको होती, सी आधी मागायला हवी होती. मी म्हटलं, थँक यू, ग्रेग. नाव तोंडातून सहज आलं.

शुक्रवार, ६ जून

परवा, चार तारखेला सुई केली होती. आज बघायचा दिवस. लॉरेनने विचारलं, आधी कोणती? आता मी नेहमी सी आधी उघडते.

सगळी अंडी गोल, अखंड, जशी ठेवली तशी. एकही हललेलं नाही. मी एकेक करून मोजली, पुन्हा मोजली. काहीच न घडल्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. मग बी. तीही झोपलेली. झोपा बायांनो.

ए मध्ये तीन दुभंगली आहेत.

रविवार, ८ जून

तिघींपैकी दोघी आठवर थांबल्या. तिसरीचे भाग मला मोजता येईनात. लॉरेनला बोलावलं, तिलाही येईनात. म्हणाली, आठहून जास्त आहेत एवढं नक्की. झाकण लावलं आणि दोघीही बाहेर आलो, उगाच हळू पावलांनी. चहा केला. तिने आज स्वतःचा कप विसळला, एकदाच, आणि मला दाखवला. म्हटलं, चालेल.

मंगळवार, १० जून

सकाळी केव्हकडे. थर्मास उबवलेला होता. लॅबमध्ये लॉरेन झाकणावर हात ठेवून थांबली, मी नमस्कार केला, मग उघडलं.

उद्या सातवा दिवस. इन्क्युबेटर आज उघडायचा नाही असं ठरवलंय. दार उघडझाप केली की आतली ऊब जाते. दोनदा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि परत आले.

घरी आल्यावर फिलू आंटी म्हणाली, उद्या मोठा दिवस ना तुझा? तुझ्या त्या एसाठी लावते हं मेणबत्ती. मी म्हटलं, आंटी, एक सीसाठी पण लाव. आज आणलेल्या अंड्यांची नवी सी ठेवायचीय उद्या, तिच्यात काही घडू नये म्हणून.

तिला हे पटलं की नाही माहीत नाही. काही न घडण्यासाठी तिने आजवर कधी लावली नसेल. ड्रॉवर उघडून थोडा वेळ शोधत राहिली, आणि दोन लावल्या.